वेबसाइटचा बॅकअप आणि लोकल कॉपी: या चुका टाळा

बॅकअप घेतलाय एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. तो आपल्या कंप्युटरवर उभा करून बघितल्याशिवाय त्याचा भरवसा नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या साइटच्या इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की नेहमीचा डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत, तयारच होत नव्हता. डंप घेणारं सॉफ्टवेअर डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हतं आणि बिघाड कळवणारे ईमेल पोचत नव्हते. योगायोगाने सहा तास आधी काढलेली एक प्रत हाताशी होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच.

आता वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, कारण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या साइट त्यावरच असतात.

फक्त फाइली उतरवणं. एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइली उतरवायची पद्धत) आख्खं फोल्डर घेतलं तरी त्यात थीम, प्लगइन आणि फोटोच येतात. लेख, पानं, ऑर्डरी डेटाबेसमध्ये असतात. तो पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस हाताळायच्या टूलमधून वेगळा एक्स्पोर्ट करावा लागतो. त्यातून एसक्यूएल फाइल मिळते.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणं. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांच्याकडे काहीच उरलं नाही. शिवाय एसक्यूएल फाइल पब्लिक-एचटीएमएलमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्यांना खुल्या फोल्डरमध्ये, पडून राहिली तर पत्ता ओळखणारा कुणीही ती डाउनलोड करू शकतो. त्यात ग्राहकांचे ईमेल, फोन नंबर सगळं असतं. काम झालं की ती लगेच काढा.

लोकल कॉपी उघडली की खरीच साइट उघडते. डेटाबेसमधल्या ऑप्शन्स टेबलमधल्या ‘साइटयूआरएल’ आणि ‘होम’ या दोन नोंदींत जुना पत्ता असतो म्हणून हे होतं. इथे बरेच जण एसक्यूएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून सगळीकडे ‘फाइंड अँड रिप्लेस’ मारतात. ते करू नका. विजेट, थीमची सेटिंग्ज, पेज बिल्डरची मांडणी अशा बऱ्याच गोष्टी सिरिअलाइज करून साठवलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. पत्ता २२ अक्षरांचा २६ अक्षरांचा झाला आणि आकडा २२च राहिला, तर पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा) ती आख्खी नोंद नाकारतं. एररही दिसेलच असं नाही. साइडबार नुसता रिकामा होतो. मराठीत तर हा आकडा हाताने दुरुस्त करणंही फसवं आहे, कारण लांबी बाइटमध्ये मोजतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट, म्हणून आकडा १५. त्यापेक्षा डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन टूलची सर्च-रिप्लेस कमांड वापरा. ती लांबी स्वतः नीट करते.

देवनागरीच्या जागी ???? दिसणं. आधी बिघाड कुठला ते ओळखा. प्रश्नचिन्हं खुद्द डेटाबेसमध्येच असतील तर एक्स्पोर्ट किंवा इम्पोर्ट करताना मूळ अक्षरं गेली. त्या कॉपीतून ती परत येणार नाहीत. कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ ठेवून एक्स्पोर्ट-इम्पोर्ट पुन्हा करा. पण à¤ सारखी रोमन कडबोळी दिसत असतील तर बहुधा बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या सेटने वाचले जातायत. अशा वेळी पोस्ट उघडून ‘अपडेट’ दाबू नका, नाहीतर तेच कडबोळं कायमचं सेव्ह होईल.

१२७३ ‘अननोन कोलेशन’ ही एरर. कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम. सर्व्हरवर मायएसक्यूएल ८ आणि आपल्या कंप्युटरवरच्या झॅम्पमध्ये (लोकल सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) मारियाडीबी हा दुसरा डेटाबेस असेल तर ही एरर येऊ शकते. एसक्यूएल फाइलमध्ये ‘यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय’ च्या जागी ‘यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय’ घाला. हा बदल टेबलांच्या व्याख्येत असतो, त्यामुळे इथे नोटपॅड चालतं.

होमपेज दिसतं पण आतल्या पानांवर ४०४ येतं? टिंबाने सुरू होणारी एचटीअ‍ॅक्सेस फाइल (पानांचे पत्ते सर्व्हरला समजावणारी) लपलेली असते, ती राहून गेली असणार. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये पर्मालिंकच्या (पानांच्या पत्त्यांच्या) पानावर जाऊन फक्त सेव्ह करा.

लोकल कॉपीतून खऱ्या लोकांना ईमेल जाणं. ही चूक सगळ्यात महागात पडते. एसएमटीपीचा (ईमेल पाठवणाऱ्या सेवेचा) पासवर्ड आणि वर्गणीदारांची यादी डेटाबेसबरोबर आलेली असते, आणि वर्डप्रेसची ठरलेली कामं पान उघडताच सुरू होतात. म्हणून ब्राउझर उघडण्याआधीच न्यूजलेटर, एसएमटीपी आणि पेमेंटच्या प्लगइनची फोल्डरनावं बदला. नाव बदललं की प्लगइन लोडच होत नाही. पेमेंटची चाचणी करायचीच असेल तर आधी डेटाबेसमध्ये खऱ्या कीच्या जागी चाचणीसाठीची टेस्ट की टाका, मगच ते फोल्डर मूळ नावावर आणा.