स्टेअरिंग रॅक स्वतः बदलताना: आधी खुणा, मग पाना

स्टेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आला किंवा खड्ड्यातून जाताना पुढून खडखड ऐकू आली, की पहिला संशय रॅकवर, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं डाव्या-उजव्या सरकण्यात बदलून चाकं वळवणाऱ्या भागावर जातो. पण बाहेरचा टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक) झिजला, रॅकचे रबरी बुश (आधाराच्या चकत्या) ढिले पडले किंवा स्टेअरिंग कॉलमच्या (स्टेअरिंगच्या दांड्याच्या) खालचा युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारा सांधा) खिळखिळा झाला, तरी हीच लक्षणं दिसतात. आणि ही तिन्ही कामं रॅक बदलण्यापेक्षा खूप सोपी आहेत. म्हणून रॅक मागवण्याआधी तपासणी करा.

गाडीचा पुढचा भाग उचलून जॅक स्टँडवर ठेवा. चाक डावी-उजवीकडून, म्हणजे घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. दुसऱ्या कुणाला तरी हालचाल नेमकी कुठे होते ते बघायला सांगा. बॉल जॉइंटपाशी हलत असेल तर टाय रॉड एंड गेला. रबरी बूटच्या (रॅकच्या टोकावरच्या घडीदार आवरणाच्या) आत हलत असेल तर आतला टाय रॉड गेला, आणि तो बऱ्याच गाड्यांत वेगळा मिळतो. अख्खा रॅकच जागेवरून सरकत असेल तर बुश किंवा बोल्ट बघा. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) पॉवर स्टेअरिंग असेल तर बूटची क्लिप काढून बूट मागे सारा. थोडं ग्रीस असणं ठीक आहे, पण आत तेल साचलं असेल तर रॅकचं सील गेलेलं आहे आणि रॅक बदलायलाच हवा.

स्टेअरिंगचा प्रकारही आधी ओळखा. विजेची मोटर कॉलमवर असेल तर खालचा रॅक साधा यांत्रिक असतो आणि काम सर्वांत सोपं. हायड्रॉलिकमध्ये पाइप आणि तेल यांची भर पडते. मोटर थेट रॅकवर असेल तर नवा रॅक बसवल्यावर बहुतेक गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) जोडून कॅलिब्रेशन, म्हणजे मध्य पुन्हा नोंदवणं, करावं लागतं. स्कॅनर नसेल तर हा तिसरा प्रकार वर्कशॉपकडेच द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टाय रॉड एंड कधीच बदलला नसेल तर आधी ते काम करून हात बसवा.

तयारी

तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल हवंच, कारण प्रत्येक बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) गाडीनुसार वेगळा असतो आणि इथे अंदाज चालत नाही. त्याशिवाय टॉर्क रेंच, बॉल जॉइंट पुलर, मोजपट्टी, रंगाचा मार्कर, नव्या स्प्लिट पिन आणि पाइपच्या जोडांचे नवे सील जमवा.

सपाट, कडक जमिनीवर गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडसर लावा, इंजिन गार होऊ द्या. पुढची चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग व्हील सीटबेल्टने किंवा पट्ट्याने जागच्या जागी घट्ट बांधा. ही पायरी वाटते त्याहून महत्त्वाची आहे. व्हीलच्या मागे क्लॉक स्प्रिंग असते. एअरबॅग आणि हॉर्नचा विद्युतप्रवाह तिच्यातल्या गुंडाळलेल्या पट्टीतून जातो आणि ती ठरावीक फेऱ्यांपुरतीच उलगडते. कॉलम रॅकपासून सुटला की व्हीलला थांबवणारं काही उरत नाही. ते फिरत राहिलं तर पट्टी तुटते आणि एअरबॅग निकामी होते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितला असेल तेवढा वेळ थांबा.

चाकांचे नट जमिनीवरच सैल करा, मग गाडी उचलून स्टँडवर ठेवा आणि चाकं काढा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

जुना रॅक काढणं

पाना हातात घेण्याआधी खुणा आणि मापं घ्या. आतल्या टाय रॉडच्या जॉइंटपासून टाय रॉड एंडच्या बॉलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. युनिव्हर्सल जॉइंट आणि पिनियन शाफ्ट (रॅकमधून वर येणारा, त्या जॉइंटला जोडलेला दांडा) यांच्यावर आडवी रंगरेघ ओढा. पाइप कुठून कसे गेलेत त्याचे फोटो काढा.

टाय रॉडचा लॉकनट आत्ताच थोडा सैल करा, रॅक बाहेर आल्यावर त्याला धरून ठेवणारं काही नसतं. स्प्लिट पिन काढा, खाचांचा नट सैल करून शेवटच्या काही आट्यांवर राहू द्या आणि पुलर लावा. नट तिथे असला की जॉइंट सुटताना झटक्याने खाली पडत नाही. पुलरनेही सुटला नाही तर नकलच्या (चाक धरणाऱ्या धातूच्या भागाच्या) ज्या भोकात तो बसतो त्याच्या बाजूवर हातोड्याचे ठोके द्या. बोल्टच्या आट्यांवर ठोकू नका.

हायड्रॉलिक असेल तर तेल भांड्यात उतरवून पाइप सोडवा आणि तोंडं लगेच झाका. धुळीचा कणही नव्या सीलला घातक आहे. आता युनिव्हर्सल जॉइंटचा बोल्ट. तो नुसता सैल करून भागत नाही. बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो, त्यामुळे पूर्ण काढावा लागतो. शेवटी माउंटिंग बोल्ट काढा आणि रॅक चाकाच्या पोकळीतून बाजूला ओढा. काही गाड्यांत सबफ्रेम (इंजिनखालची आधाराची चौकट) खाली घ्यावी लागते. तसं असेल तर बोल्ट सोडण्याआधी तिला खालून जॅकचा आधार द्या.

नवा रॅक बसवणं

दोन्ही रॅक शेजारी ठेवून लांबी, स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते), बोल्टची भोकं आणि पाइपची तोंडं जुळतात का ते बघा. मग नवा रॅक मध्यावर आणा: पिनियन एका टोकापर्यंत फिरवा, दुसऱ्या टोकापर्यंत किती फेऱ्या होतात ते मोजा आणि त्याच्या निम्म्या फेऱ्या परत फिरवा. हे चुकलं तर गाडी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळेल, आणि क्लॉक स्प्रिंगही एका बाजूला ताणली जाईल.

जुन्या रॅकवरची खूण नव्यावर नसते, म्हणून बांधलेलं सरळ व्हील आणि मध्यावरचा रॅक या दोन गोष्टी जमवून शाफ्ट जोडा. जोड हाताने सरकला पाहिजे. ठोकावं लागत असेल तर स्प्लाइन जुळलेली नाही, थांबून पुन्हा बघा. या बोल्टचा टॉर्क दोनदा तपासा. तो निसटला तर व्हील फिरेल आणि चाकं वळणार नाहीत. मॅन्युअलमध्ये नवा बोल्ट सांगितला असेल तर नवाच लावा.

सगळे माउंटिंग बोल्ट आधी हाताने लावा, मग टॉर्कने आवळा. टाय रॉड एंड लिहून ठेवलेल्या मापावर आणा. खाचांचा नट टॉर्कने आवळल्यावर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे कधीही फिरवू नका.

तेल आणि हवा

हायड्रॉलिक असेल तर फक्त मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल वापरा. जुन्या तेलात धातूचे कण असू शकतात, म्हणून शक्य असेल तर टाकी आणि परतीचा पाइप धुऊन घ्या. टाकी भरा, व्हीलचा पट्टा सोडा. चाकं अधांतरी आणि इंजिन बंद असताना व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा, पातळी कमी होईल तसं तेल घालत जा. बुडबुडे थांबले की बॅटरी जोडून इंजिन सुरू करा आणि हेच पुन्हा करा. व्हील टोकाला नेऊन धरून ठेवू नका, पंपावर पूर्ण दाब येतो. तेलाला फेस आला तर इंजिन बंद करून तो बसू द्या.

चाकं लावा, गाडी खाली घ्या आणि नट तिरक्या क्रमाने टॉर्कने आवळा. मोकळ्या जागेत कमी वेगात चालवून बघा. वळण संपल्यावर व्हील आपोआप मध्याकडे परत यायला हवं. त्यानंतर लगेच व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा, कारण मोजपट्टीने लावलेलं माप फक्त तिथपर्यंत पोहोचण्यापुरतं आहे. गाडी सरळ जात असताना व्हील तिरकं दिसलं तर ते टाय रॉडवरूनच दुरुस्त करायला सांगा. व्हील काढून दुसऱ्या दातावर बसवलं तर क्लॉक स्प्रिंग आणि अँगल सेन्सर (व्हील किती वळलं ते मोजणारा) दोन्हीचा मध्य चुकतो. काही दिवसांनी पुन्हा गाडीखाली बघा: पाइपचे जोड कोरडे आहेत का, दोन्ही बूट सुस्थितीत आहेत का, आणि युनिव्हर्सल जॉइंटचा बोल्ट तसाच घट्ट आहे का.