बाळाला अंगावर पाजताना पकड कशी जमवायची

अंगावर पाजताना दुखत असेल, तर "पहिल्यांदा दुखतंच, होईल सवय" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. पहिल्या काही दिवसांत बाळाने तोंडात घेतल्याबरोबर अर्धा मिनिट जोराची ओढ जाणवते, तेवढी चालते. त्यानंतरही दुखत राहिलं, बोंडाला चिरा पडल्या, तर बाळाची पकड चुकली आहे. चुकलेली पकड सवयीने सुधारत नाही, उलट रोज नवी जखम करते. दूध कमी पडणं, गाठी होणं, तासभर पाजूनही बाळ रडत राहणं, वजन न वाढणं यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच पकड असते. म्हणून बाकीचं इथे थोडक्यात आणि पकडीबद्दल सविस्तर सांगते.

पहिले तीन दिवस

जन्मल्यावर बाळाला पुसून आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवावं, वरून दुपटं घालावं आणि तासाभरात पहिल्यांदा पाजावं. सिझेरियनमध्ये कमरेतून भूल दिली असेल आणि दोघं ठीक असतील, तर तिथेही हे जमतं. आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा.

मध, गुळाचं पाणी, गुटी यांतलं काहीही चाटवायचं नाही. मधाबाबत तर अजिबात तडजोड नको. त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. चांदीच्या वाटीतून, सोन्याच्या अंगठीने दिला तरी तो मधच.

सुरुवातीचा पिवळसर, दाट चीक एका वेळी जेमतेम चमचाभर येतो. बाळाला लागतो तेवढाच. पान्हा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी फुटतो, सिझेरियननंतर कधी आणखी एखादा दिवस लागतो. दुसऱ्या रात्री बाळ सारखं छातीशी मागतं, ठेवलं की रडतं, आणि घरात कुणीतरी म्हणतंच, "दूध पुरत नाहीये, वरचं सुरू करा." बहुतेक घरांत दूध पावडरीचा डबा याच रात्री येतो. बाळ ठीक असेल आणि शू-शी होत असेल, तर त्या रात्री डब्याची गरज नसते. बाळ ओढतं म्हणूनच दूध वाढतं. वरच्या दुधाने त्याचं पोट भरलं की ते ओढत नाही आणि मग दूध खरोखरच कमी होतं.

कधी पाजायचं

बाळ मूठ तोंडात घालतं, मान वळवून शोधतं, ओठ चाटतं तेव्हा. रडणं ही भुकेची शेवटची खूण. रडणाऱ्या बाळाची जीभ वर टाळ्याला लागलेली असते, त्यामुळे तशा वेळी पकड जमत नाही. आधी छातीशी उघडं धरून शांत करा. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं होतं. पहिले दोन आठवडे बाळ झोपेत असलं तरी तीन तासांच्या वर जाऊ देऊ नका. दुपटं सोडा, पाठ आणि तळवे चोळा, जागं होतं.

पकड

उजव्या-डाव्याचा गोंधळ होऊ नये म्हणून डाव्या बाजूचं सांगते.

पाठ टेकून बसा, पाय खाली नीट टेकलेले हवेत. आईने बाळावर वाकायचं नाही, बाळाला उचलून छातीच्या उंचीला आणायचं. मांडीवर उशी किंवा घडी केलेली गोधडी घ्या. डाव्या बाजूला पाजताना बाळ उजव्या हातावर घ्या. बहुतेक बायका उलट करतात. डाव्या कोपराच्या खोबणीत डोकं ठेवतात आणि मग डोकं हलवायला हातच उरत नाही. ती पद्धत महिनाभराच्या बाळाला चालते, चार दिवसांच्या बाळाला नाही.

उजवा तळवा बाळाच्या खांद्यांमागे, अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे. डोक्याचा मागचा भाग मोकळा राहिला पाहिजे. मागून डोकं दाबलं की बाळ उलट मागे रेटतं, पाठीची कमान करतं, आणि आईला वाटतं की बाळाला नकोच आहे. सिस्टर, आजी, मावशी, कुणालाही बाळाचं डोकं धरून छातीवर दाबू देऊ नका. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं हवं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. बाळ पाठीवर उताणं आणि मान तेवढी वळलेली, असं असेल तर त्याला गिळता येत नाही. स्वतः मान वळवून पाणी पिऊन पाहा, लगेच कळेल.

आता डाव्या हाताने स्तन खालून धरा. अंगठा बाहेरच्या बाजूला, बोटं आतल्या बाजूला, इंग्रजी यू अक्षरासारखा हात. बोटं बोंडाभोवतीच्या काळ्या भागापासून तीन बोटं तरी मागे हवीत, नाहीतर बाळाची हनुवटी तुमच्या बोटांवरच येऊन अडते. मग हलकंसं दाबून स्तन चपटा करा, पण कोणत्या दिशेने? वडापाव खाताना पाव दाबतो तो ओठांच्या रेषेत, म्हणून घास आत जातो. आडवं धरलेल्या बाळाच्या ओठांची रेष उभी असते, म्हणून स्तनही दोन्ही बाजूंनी दाबून उभा चपटा करायचा. दोन बोटांच्या कात्रीत बोंड धरून वरून-खालून दाबलं, तर पाव आडवा आणि तोंड उभं अशी गत होते.

बाळाचं नाक बोंडासमोर आणा. तोंड नव्हे, नाक. बोंड वरच्या ओठावर हळूच फिरवा आणि थांबा. बाळ आधी थोडंसं तोंड उघडेल, तेव्हा घालू नका. पुन्हा फिरवा. जांभई दिल्यासारखा मोठा आ होईल, डोकं किंचित मागे जाईल, त्या क्षणी हनुवटी आधी टेकवून बाळाला झटकन छातीवर आणा. बाळ छातीवर येतं, छाती बाळाच्या तोंडात कोंबायची नसते. खालचा ओठ बोंडापासून जितका लांब टेकेल तितकं चांगलं. बोंड सगळ्यात शेवटी, वरच्या ओठाखालून आत सरकतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर बाळाच्या तोंडातल्या टाळ्याचा पुढचा भाग कडक असतो आणि मागचा मऊ. नुसतं बोंड तोंडात असलं की ते जीभ आणि कडक टाळ्यामध्ये घासलं जातं. काळ्या भागाचा बराचसा हिस्सा आत गेला की बोंड मागे, मऊ भागापाशी पोहोचतं, तिथे घासत नाही. शिवाय दुधाच्या नळ्या काळ्या भागाखाली असतात. बाळाचा जबडा तिथे बसला तरच दूध वाहतं.

पकड बसली की नाही ते असं बघा: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर दुमडलेला, हनुवटी छातीत रुतलेली, आणि काळा भाग वरच्या ओठाकडे जास्त, खालच्या ओठाकडे कमी दिसणारा. गाल फुगीर हवेत. गालाला खळी पडत असेल किंवा जीभ टचटच वाजत असेल, तर पकड सुटते आहे. सुरुवातीला भराभर ओढून मग बाळ संथ, खोल ओढतं आणि घोट गिळल्याचा हलका आवाज येतो.

अर्ध्या मिनिटानंतरही दुखत असेल तर काढा आणि परत लावा. ओढून काढू नका. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये सरकवली की पकड आपोआप सुटते. पाच वेळा काढावं लागलं तरी काढा. पाजून झाल्यावर बोंडाकडे पाहा. गोल असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकसारखं तिरपं, चपटं झालं असेल तर पकड उथळ होती, दुखलं नसलं तरीही.

नाक दबतंय असं वाटलं तर स्तन बोटाने मागे दाबू नका, त्याने पकड निघते. बाळाची कंबर आणखी जवळ ओढा, नाक आपोआप मोकळं होतं.

पान्हा फुटल्यावर छाती दगडासारखी झाली, तर चपटं बोंड बाळाच्या तोंडात बसत नाही. बोंडाभोवती पाचही बोटांची टोकं ठेवून छातीच्या दिशेने मिनिटभर दाबून धरा. काळा भाग मऊ पडतो, मग लावा. पाजून झाल्यावर थंड पट्टी. लाल चट्टा, ताप आणि कणकण आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पण पाजणं थांबवू नका. तुंबलेलं दूध आणखी त्रास देतं.

किती वेळ

घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं पाजायला सांगणं मला साफ चुकीचं वाटतं. सुरुवातीचं दूध पातळ, शेवटचं स्निग्ध. एक बाजू बाळाने स्वतः सोडेपर्यंत पाजा, ढेकर काढा, मग दुसरी द्या. पुढच्या वेळी दुसरीपासून सुरू करा.

पुरतंय का

छाती मऊ लागणं किंवा बाळ रडणं हे माप नव्हे. लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा तरी. काळी चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच. दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं किंवा दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं नाही, तर डॉक्टरांकडे जा. पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ होते. अळीव, डिंकाचे लाडू आईने जरूर खावेत, अंगाला चांगले असतात. पण दूध लाडवांनी वाढत नाही, छाती रिकामी झाल्याने वाढतं.

काढून पाजायचं असेल तर

हात धुऊन, अंगठा आणि बोट बोंडापासून तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे, मग सोडा. कातडीवर घसरवू नका. काढलेलं दूध उकळलेल्या वाटीत झाकून बाहेर चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस ठेवता येतं. मे महिन्याच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नका. गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही.

पाजायला बाटली नको, वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोचीची छोटी वाटी) घ्या. बाळाला अर्धवट बसतं धरा, बोंडल्याचं टोक ओठांच्या कोपऱ्याशी टेकवा, थोडं सोडा, गिळू द्या, मग पुढचं. घशात ओतायचं नाही.

आईचं दूध मिळतच नसेल, तर डबा आणण्याआधी रुग्णालयात दुग्धपेढीची, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध साठवणाऱ्या पेढीची चौकशी करा. आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली. आज इतरही मोठ्या रुग्णालयांत त्या आहेत. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना हे दूध आधी मिळतं.

बाकीचं

नाळ कोरडी ठेवा, तिच्यावर हळद, राख, पावडर, काहीही नको. डोळ्यांत काजळ, नाका-कानात तेल नको. बंद खोलीत शेगडी आणि धुरी तर मुळीच नको. व्हिटॅमिन डीचे थेंब रोज ४०० युनिट, किती मिली ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. सहा महिने पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नाही.

बाळ पाजायला घेतलं तरी ओढत नाही, अंग ढिलं पडलंय, श्वास मिनिटाला साठच्या वर, छातीत खड्डा पडतोय, अंग गार किंवा तापलेलं, झटके, पहिल्याच दिवशी कावीळ किंवा पुढे हाता-पायांचे तळवे पिवळे, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून, वरून दुपटं आणि डोक्यावर टोपरं घालून न्या.