कंपनीचे टायर नि ब्रेक किती पुरतात?

माझी गाडी रत्नागिरीत, खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर असते. कंपनीचे टायर 46 हजार किलोमीटर चालले. पुढचे ब्रेक पॅड मात्र 31 हजारांतच संपले, कारण लेक कोल्हापुरात आणि वाटेत आंबा घाट. उतारावर दुसरा गिअर टाका, इंजिनालाच गाडी ओढून धरू दे. सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर पॅड तापून जळका वास सुटतो आणि मग दाबूनही ब्रेक नीट लागत नाही.

टायरच्या खाचांत रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली, टायर बाद. आमच्या पावसात मी 3 मिलिमीटरलाच बदलतो. गाडी कमी फिरते म्हणून निर्धास्त राहू नका. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षं झाली की दरवर्षी भेगा तपासून घ्या.

पॅडही 3 मिलिमीटरवर आला की बदला. ब्रेक ऑइल ओल शोषतं, ते दर दोन वर्षांनी. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की डिस्कवर, म्हणजे पॅड जिला घासतात त्या चाकामागच्या लोखंडी चकतीवर, तांबूस गंज चढून खरखर होते. दोन-चारदा ब्रेक मारले की जाते. मी तेवढ्यासाठी गॅरेज गाठलं होतं, पोरं हसली.