एकदांडीच्या अर्काने जखम भरते का, हे तपासण्याची रीत

सोलापूरच्या आसपास रानात काम करताना खुरप्याने बोट कापले, तर एकदांडीचा पाला तळहातावर चोळून त्याचा रस जखमेवर पिळण्याची पद्धत अजूनही आहे. त्याने रक्त थांबते, हा अनेकांचा अनुभव आहे. परंतु रक्त थांबणे, जंतू मरणे आणि जखम भरून येणे या तीन वेगळ्या गोष्टी असून एकीचा पुरावा दुसरीसाठी चालत नाही. विज्ञान किंवा औषधनिर्माण शाखेच्या ज्या विद्यार्थ्यांना या वनस्पतीवर प्रकल्प करायचा आहे, त्यांनी आखणी करतानाच हा भेद मनाशी पक्का करावा.

पाला रस्त्याच्या कडेचा किंवा फवारणी झालेल्या शेतातला घेऊ नये. स्थानिक नावे गावागणिक बदलतात, म्हणून फुलासह वाळवलेला नमुना वनस्पतिशास्त्राच्या तज्ज्ञाला दाखवून ती ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स असल्याची खात्री करून घ्यावी आणि ठिकाण व तारीख लिहून तो जपून ठेवावा. पाला सावलीतच वाळवावा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरातल्या पत्र्याच्या खोलीत सावली असली तरी पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे पावसाळा सरल्यावरचा काळ या कामाला बरा.

वाळलेली पूड ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवून, गाळून, कमी उष्णतेवर द्रावक उडवून अर्क मिळवता येतो. मात्र लोक वापरतात तो पाण्यातला रस, म्हणून जोडीला पाण्याचा अर्कही तयार करावा, नाहीतर आपण लोकांच्या औषधाची परीक्षा घेतलीच नाही असे होईल. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या जिवाणूंवरची चाचणी सोपी व स्वस्त असल्याने बहुतेक प्रकल्प तिथेच थांबतात. पण अर्काभोवती जिवाणूरहित वर्तुळ दिसले म्हणून जखम भरेल, असे म्हणता येत नाही.

खरा कस पेशींवरच्या चाचणीत लागतो. प्रथम अर्काची किती मात्रा त्वचेच्या पेशी सहन करतात, हे एमटीटी या रंग बदलणाऱ्या रसायनाच्या चाचणीने पाहावे. वैद्यकीय उपकरणांसाठीच्या आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकात ७० टक्क्यांहून कमी पेशी जिवंत राहिल्यास तो पदार्थ पेशींना घातक धरतात, आणि तोच निकष इथे उपयोगी पडतो. येथे एक सापळा आहे. एमटीटीचे पिवळे द्रावण जिवंत पेशींमुळे जांभळे होते, परंतु वनस्पतीतली काही फिनॉलिक द्रव्ये पेशींविनाही तोच रंग आणतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. म्हणून चाचणीच्या ताटलीतल्या पेशी न घातलेल्या खळग्यांत नुसता अर्क व एमटीटी ठेवून येणारे वाचन नोंदवावे आणि ते मुख्य वाचनातून वजा करावे.

त्यानंतर फायब्रोब्लास्ट, म्हणजे जखमेत नवी ऊती घडवणाऱ्या, पेशींचा सलग थर वाढवून त्यावर पिपेटच्या २०० मायक्रोलिटरच्या टिपने सरळ ओरखडा काढावा, सुट्या झालेल्या पेशी धुऊन टाकाव्यात आणि त्याच जागेची छायाचित्रे सुरुवातीला व २४ तासांनी घ्यावीत. पेशींच्या वाढीसाठी घातल्या जाणाऱ्या सीरमचे (रक्तातल्या द्रवाचे) प्रमाण कमी ठेवावे, कारण पेशी सरकल्यामुळे फट भरली की त्यांची संख्या वाढल्यामुळे, हे एरवी कळत नाही. अर्काविना नुसते द्रावक घातलेला गट प्रत्येक वेळी ठेवलाच पाहिजे. माझ्या मते हा गट नसलेला प्रकल्प परीक्षकांनी स्वीकारूच नये.

प्राण्यांवरची चाचणी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या लेखी मंजुरीशिवाय करता येत नाही. तिथे कोणताही उपचार नसलेला, नुसत्या मलमाचा, प्रचलित औषधाचा आणि अर्कयुक्त मलमाचा असे गट लागतात, आणि कोणती जखम कोणत्या गटाची हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने क्षेत्रफळ मोजावे. उंदीरवर्गीय प्राण्यांची सैल कातडी आखडून जखम लहान होते, तर माणसात नवी त्वचा व नवे मांस येण्याचा वाटा मोठा असतो. म्हणून क्षेत्रफळाबरोबर ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि नव्या ऊतीतले कोलॅजन हे प्रथिन किती हे दाखवणाऱ्या हायड्रॉक्सिप्रोलिनचे मोजमापही करावे.

माणसांवरच्या चाचणीसाठी नैतिकता समितीची मान्यता आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स नोंदवहीत पूर्वनोंदणी लागते. तोवर प्रयोगशाळेतला अर्क घरच्या कोणाच्याही जखमेवर लावू नये. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाच्या जखमेवर तर मुळीच नको.