पैशाचं झाड: शेंड्याकडे बघत बसू नका, या चुका टाळा

४ सप्टेंबर १९९८ रोजी ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर' सुरू झालं. तेव्हापासून पडद्यावर बक्षिसांची जी उभी यादी दिसते तिला तिथे 'मनी ट्री' म्हणतात, म्हणजे पैशाचं झाड. खाली १०० पौंड, वर १० लाख. भारतात २००० साली आलेलं 'कौन बनेगा करोडपती' याच साच्यातलं. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' या व्हिडिओ गेममध्ये मात्र पैशाचं झाड खरंच मातीतून उगवतं आणि हलवलं की पैशाच्या पिशव्या पडतात. मी दोन्ही झाडांच्या नादाला बरीच वर्षं लागलो आहे. घरच्यांसाठी क्विझ बनवतो, संध्याकाळी गेम खेळतो. त्यात एक गोष्ट पक्की झाली: दोन्हीकडच्या बहुतेक चुका एकाच सवयीतून होतात. आपण शेंडा बघतो, पडलो तर कुठल्या फांदीवर अडकू ते बघत नाही.

रकमांची बेरीज करू नका

ही सगळ्यात साधी चूक, आणि पहिल्यांदा कार्यक्रम बघणारे जवळपास सगळे करतात. झाडावरच्या रकमा एकमेकींत मिळवायच्या नसतात. ५०० पौंडांच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं की तुमच्याकडे एकूण ५०० पौंड असतात. आधीचे १००, २०० आणि ३०० त्यातच आले.

"चुकलो तर सगळं गेलं" हे खरं नाही

मूळ १५ प्रश्नांच्या झाडात दोन सुरक्षित टप्पे होते: १,००० आणि ३२,००० पौंड. म्हणजे ३२,००० जिंकलेल्याने ६४,००० च्या प्रश्नाचं उत्तर चुकवलं तरी तो ३२,००० घेऊनच घरी जातो. त्या प्रश्नावर उठून जाणं ही शुद्ध चूक. काहीच येत नसेल तरी चारांपैकी एक पर्याय सांगून टाकायचा, कारण गमावण्यासारखं हातात काहीच नसतं. १,००० नंतरच्या २,००० च्या प्रश्नाचंही तसंच.

खरी कसोटी त्याच्या पुढे. तुमच्याकडे ६४,००० आहेत आणि समोर १,२५,००० चा प्रश्न आहे. बरोबर आलं तर ६१,००० वाढतात, चुकलं तर ३२,००० जातात. जाणारी रक्कम भागिले जाणारी अधिक येणारी, म्हणजे ३२ भागिले ९३, सुमारे ३४ टक्के. उत्तराबद्दल तुमची खात्री याहून जास्त असेल, तर निव्वळ सरासरीच्या हिशोबात खेळणं फायद्याचं. १,२५,००० वरून २,५०,००० कडे जाताना हा आकडा सुमारे ४३ टक्के होतो, त्यापुढच्या प्रश्नाला ४७ च्या जवळ जातो आणि ५ लाखांवरून १० लाखांकडे जाताना ४८ च्या थोडा वर. सगळे आकडे पन्नासच्या आतच राहतात. म्हणजे फिफ्टी-फिफ्टी घेतल्यावर उरलेल्या दोनांतला एक डोळे मिटून निवडला, तरी कागदावर फायदाच दिसतो.

कागदावर. शेवटच्या पायरीवर चूक झाली की ४,६८,००० पौंड जातात. ज्या माणसाचं सगळं आयुष्य ५ लाखांनी बदलणार आहे, त्याला दुसरे ५ लाख तेवढ्याच मोलाचे नसतात. तिथे मी तरी ४८ टक्क्यांवर उडी मारणार नाही आणि कुणाला मारायला सांगणारही नाही. माझी तक्रार खालच्या फांद्यांबद्दल आहे. ३४ टक्के पुरेसे असताना लोक ६० टक्के खात्री असूनही उठून जातात.

जुन्या झाडाचे आकडे नव्याला लावू नका

इंटरनेटवरची यादी उतरवून घेण्याआधी ती कुठल्या काळातली आहे ते बघा. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये झाड १२ प्रश्नांचं झालं. पहिली रक्कम ५०० पौंड आणि दुसरा सुरक्षित टप्पा ५०,००० वर. गणित तिथे पार बदलतं. ७५,००० वर असताना १,५०,००० चा प्रश्न आला तर चुकल्यास २५,००० जातात आणि जिंकल्यास ७५,००० येतात. म्हणजे बरोबर २५ टक्के. चार पर्यायांपैकी अंदाजाने एक ठोकला तरी सरासरीत तोटा नाही. त्याच्या पुढच्याच प्रश्नाला मात्र १ लाख जाणार, १ लाख येणार, म्हणून पूर्ण ५० टक्के लागतात. शेजारच्या दोन फांद्यांत एवढा फरक असतो.

२०१८ मध्ये पुन्हा १५ प्रश्न आले, पण दुसरा सुरक्षित टप्पा स्पर्धकानेच ठरवायचा. तोही पुढचा प्रश्न दिसायच्या आधी. इथे घाई महागात पडते. टप्पा लवकर लावला तर मोठ्या रकमांवर खाली जाळं फार दूर राहतं, आणि लांबवत नेला तर मधेच एका चुकीने १,००० वर आदळता. माझं मत विचाराल तर लाइफलाइन शिल्लक असतील तोवर टप्पा पुढे ढकलावा. लाइफलाइन हेही एक जाळंच आहे.

आणि लाइफलाइन जपून ठेवून उठून जाणं तर टाळाच. न वापरलेल्या लाइफलाइनचे कुणी पैसे देत नाही. अमेरिकेत १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये जॉन कार्पेंटर शेवटच्या प्रश्नापर्यंत एकही लाइफलाइन न वापरता पोहोचले. तिथे वडिलांना फोन लावला तो मदत मागायला नाही, तर आपण आता दहा लाख डॉलर जिंकणार आहोत हे सांगायला. आणि जिंकले. फार सुंदर क्षण आहे तो. पण उत्तर पाठ असणाऱ्याचा तो क्षण आहे, त्यावरून आपलं धोरण ठरवू नका.

स्वतःचं क्विझ बनवताना

मी पहिल्यांदा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा प्रत्येक बरोबर उत्तराला रक्कम दुप्पट करत गेलो. १०० पासून चौदा वेळा दुप्पट केली की १६,३८,४०० होतात. १० लाखांवर नेमकं ते कधी थांबतच नाही. खऱ्या झाडात २०० नंतर ३००, मग ५००, आणि ६४,००० नंतर १,२८,००० न येता १,२५,००० येतात. त्यामुळे सूत्र लावू नका, पंधराही रकमा यादीत हाताने लिहा.

दुसरा घोळ एका पायरीचा. क्रमांक शून्यापासून मोजले की सुरक्षित टप्पा पाचव्याऐवजी सहाव्या प्रश्नावर जाऊन बसतो. टप्पा लागू होतो तो पाचव्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आल्यावर, पाचवा प्रश्न पडद्यावर आल्यावर नाही. दर प्रश्नाला तीन वेगळे आकडे ठेवा: बरोबर आलं तर किती, उठून गेलं तर किती, चुकलं तर किती. तपासायला पाचव्या प्रश्नावर मुद्दाम चुका. हातात शून्य आलं पाहिजे. १,००० आले तर घोळ तिथेच आहे.

साखळीचं झाड उलटं चालतं

२००० मध्ये बीबीसीवर आलेल्या 'द वीकेस्ट लिंक'मध्ये सगळा गट मिळून एक साखळी चढतो: २०, ५०, १००, २००, ३००, ४५०, ६००, ८०० आणि १,००० पौंड. चुकीचं उत्तर आलं की साखळी तुटते आणि त्यातले पैसे जातात. प्रश्न विचारायच्या आधी 'बँक' म्हटलं तरच ते वाचतात, पण मग साखळी पुन्हा तळापासून सुरू होते.

इथे लोक सवयीने मधेच, १०० वर, बँक करतात, आणि ती बहुधा फायद्याची जागा नसते. मी दर प्रश्नामागे सरासरी कमाई काढून पाहिली. गटाची निम्मी उत्तरं बरोबर येत असतील तर दर वेळी २० वरच बँक करणं चांगलं: प्रश्नामागे १० पौंड, आणि १०० ची वाट पाहिली तर जेमतेम ७. दहात सात बरोबर येत असतील तर २०० पर्यंत थांबा, जवळपास १९ पौंड पडतात. दहात आठ बरोबर येत असतील तर ४५० च्या पुढे कुठेही थांबलात तरी कमाई ३१ ते ३२ च्या घरात राहते. पण अशा गटाने १०० वर बँक केलं तर २१ च. म्हणजे आधी आपल्या गटाची उत्तरं किती बरोबर येतात ते बघायचं आणि मग कुठे थांबायचं ते ठरवायचं.

मातीतलं झाड

मार्च २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आलेल्या 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'मध्ये बेटावर रोज एक जागा चमकते. फावड्याने खणलं की १,००० बेल्स, म्हणजे गेममधले पैसे, मिळतात. अनेक जण ते खिशात टाकून खड्डा बुजवतात आणि पुढे जातात. त्याच चमकणाऱ्या खड्ड्यात बेल्सची पिशवी पुरायची असते. दुसरीकडे पुरली तर झाड येत नाही. शिवाय इतर झाडांना लागते तशी मोकळी जागा याही रोपाला लागते. रोप अनेक दिवस तसंच राहिलं तर आधी आजूबाजूची जागा मोकळी करा.

आता पुरायचे किती? १०,००० पर्यंत पुरलं की तिप्पट नक्की मिळतं. १०,००० चे ३०,०००. एका पिशवीत ९९,००० मावतात, म्हणून हात लगेच तिकडे जातो. पण १०,००० च्या वर गेलं की तिप्पट मिळण्याची शक्यता फक्त ३० टक्के. बाकी वेळा झाडाला येतात ते ३०,००० च. हे गेममध्ये कुठेही लिहिलेलं नाही, खेळाडूंनी कोड उघडून शोधलं. ९९,००० पुरले तर सरासरी हातात येतात १,१०,१००, म्हणजे नफा ११,१००. आणि १०,००० पुरले तर नफा २०,०००, तोही खात्रीचा. वरचा प्रत्येक बेल सरासरीत ०.९ होऊन परत येतो, म्हणून जास्त पुरलं की नफा कमीच होत जातो.

झाड हलवून तिन्ही पिशव्या पडल्या की ते साधं झाड होतं. उद्या पुन्हा हलवायला गेलात तर त्यातून पैशाच्या पिशव्या येणार नाहीत. साध्या झाडांतून कधीकधी १०० बेल्स पडतात, त्यावरून गोंधळून "माझं पैशाचं झाड बिघडलं" म्हणू नका. आणि हलवताना जाळी हातात ठेवा, साध्या झाडांत गांधीलमाशांची पोळीही असतात.