कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकतेय? नवा घेण्याआधी हे करून बघा

प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा सुट्या डुअलसेन्स कंट्रोलरची किंमत ५,९९० रुपये होती. स्टिकला हात न लावता खेळाडू एका बाजूला चालायला लागला की बहुतेक घरांत एवढे पैसे पुन्हा मोजले जातात आणि जुना कंट्रोलर कपाटात जातो. बॅटरी, बोर्ड, ट्रिगर सगळं धडधाकट असतं. गेलेला असतो फक्त स्टिकखालचा एक छोटा भाग, आणि तो स्वस्तात मिळतो. इथे डुअलसेन्स समोर ठेवून सांगितलं आहे. ड्रिफ्टचं, म्हणजे स्टिक आपोआप सरकण्याचं कारण प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्येही हेच असतं.

वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावू नका. बिल शोधा आणि सर्व्हिस सेंटर गाठा.

आधी बिघाड ओळखा

कंट्रोलरच्या मागे सोनीच्या लोगोजवळ टाचणीचं टोक जाईल एवढं छिद्र असतं. कन्सोल पूर्ण बंद करा (रेस्ट मोड चालणार नाही), छिद्रातलं बटण पाच सेकंद दाबून ठेवा, मग यूएसबी केबलने जोडून पीएस बटण दाबा. केबल डेटा जाणारी हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर जोडणी होत नाही. कन्सोलच्या सेटिंगमधून कंट्रोलरचं सॉफ्टवेअरही अपडेट करून घ्या.

एवढ्याने फरक पडला नाही तर कंट्रोलर लॅपटॉपला जोडा आणि ब्राउझरमध्ये कुठलाही गेमपॅड टेस्टर (स्टिकची जागा आकड्यांत दाखवणारं पान) उघडा. स्टिक सोडलेली असताना दोन्ही अक्षांचे आकडे शून्याच्या आसपास हवेत. ०.०५ च्या आत असतील तर काळजी नाही, बहुतेक गेमचा डेडझोन, म्हणजे मध्याजवळची दुर्लक्षित केली जाणारी हालचाल, तेवढं पोटात घालतो. आता स्टिक चारही दिशांना ढकलून सोडा आणि आकडा कसा वागतो ते नीट पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आकडा थरथरत असेल, मध्येच उडी मारत असेल तर आतला कार्बनचा पट्टा मळला किंवा झिजला आहे. आकडा स्थिर आहे पण दर वेळी शून्यापासून तेवढाच लांब थांबतो, तर फक्त कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य कुठे याची कंट्रोलरमधली नोंद, बिघडलेलं असू शकतं. त्यासाठी कंट्रोलर उघडायचीही गरज नाही, ते कसं करायचं ते पुढे सांगितलं आहे. डावीकडून सोडल्यावर एक आकडा, उजवीकडून सोडल्यावर दुसरा, असं असेल तर स्प्रिंग सैल झाली आहे. तिथे सफाईचा उपयोग नाही, मॉड्यूलच, म्हणजे स्टिकखालचा तो अख्खा भागच बदलावा लागतो.

उघडणं आणि सफाई

लागणारं सामान: पीएच००चा स्क्रूड्रायव्हर, गिटारचं पिक किंवा प्लास्टिकची पट्टी, चिमटा, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड.

पुढची काळी पट्टी हँडलच्या खालच्या टोकाकडून उचकटा, ती खटक्यांवर बसलेली असते. एल१ आणि आर१ बटणंही तशीच निघतात. एकूण चार स्क्रू सापडतात, दोन हँडलवर आणि दोन या बटणांच्या खाली. मागचं कव्हर निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. मग टचपॅड, ट्रिगर आणि मायक्रोफोनच्या चपट्या केबल सोडवा, आणि प्रत्येक केबल काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. मोटरच्या वायरी बोर्डाला डाग देऊन जोडलेल्या असतात. त्या ओढू नका, मोटरच हँडलमधून बाहेर काढा.

स्टिकच्या मॉड्यूलला काटकोनात दोन छोट्या डब्या चिकटलेल्या दिसतील. ते पोटेन्शिओमीटर, स्टिक किती सरकली ते मोजणारे, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. डबीचं झाकण चिमट्याने हलकेच उचकटलं की आत एक पांढरी चकती, तिच्यावर पत्र्याची बारीक बोटं आणि समोर काळा पट्टा असतो. बोटं या पट्ट्यावर घासत जातात. स्टिक सोडल्यावर ती नेहमी मधल्या भागात येऊन थांबतात, म्हणून झीज तिथेच जास्त होते. अल्कोहोल लावलेल्या बडने पट्टा आणि बोटं पुसा, पूर्ण वाळू द्या, झाकण बसवा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. डब्यातला साधा डब्ल्यूडी-४० सुद्धा नको, त्याचा तेलकट थर धूळ धरतो.

मळ असेल तर सफाई टिकते. पट्टा झिजला असेल तर थोड्याच दिवसांत ड्रिफ्ट परत येतो.

मॉड्यूल बदलणं

खरं कौशल्य इथे लागतं. एका मॉड्यूलला १४ पाय असतात: दोन पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन, स्टिक आत दाबल्यावर चालणाऱ्या स्विचचे चार आणि धातूच्या चौकटीचे चार. सगळे एकदम तापवून मॉड्यूल अख्खं काढायच्या नादात बोर्ड जातो. पाय ओढला की भोकातलं तांब्याचं कडं त्याच्याबरोबर बाहेर येतं, आणि मग बारीक वायरीने जोड द्यावा लागतो.

जुनं मॉड्यूल वाचवायचा हट्ट सोडा. निपरने डब्या आणि चौकट कापून काढा, म्हणजे बोर्डावर सुटे पाय उरतील. प्रत्येक पायावर फ्लक्स (कथील नीट पसरायला मदत करणारं रसायन) आणि थोडं शिसंयुक्त, ६३/३७चं कथील लावा. कारखान्यातलं बिनशिशाचं कथील साधारण २१७ अंशांना वितळतं, हे १८३ला. दोन्ही मिसळली की डाग लवकर सुटतो. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर ठेवा, पाय तापवा, चिमट्याने अलगद उचला, आणि एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकू नका. चौकटीचे पाय ग्राउंडला जोडलेले असल्याने उष्णता खेचून घेतात. तिथे रुंद टोकाचा बिट लावा, जोर लावू नका. शेवटी भोकं सोल्डर विकने (कथील शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) साफ करा. खिडकी उघडी असू द्या.

नवं मॉड्यूल हाताने सहज आत गेलं पाहिजे. अडलं तर कुठल्या तरी भोकात कथील उरलं आहे. आधी चौकटीचा एकच पाय डागा, मॉड्यूल बोर्डाला सपाट टेकलंय का पाहा, मगच बाकीचे. तिरकं बसलं तर स्टिक कव्हरला घासते.

नेहमीच्या मॉड्यूलऐवजी हॉल इफेक्ट किंवा टीएमआर मॉड्यूलही मिळतं. त्यात चुंबक आणि सेन्सर असतो, घासणारा पट्टाच नसतो. एवढा खटाटोप करायचाच तर हेच टाका, असं आमचं मत.

आता कॅलिब्रेशन. प्रत्येक मॉड्यूलचा मध्य थोडा वेगळा असतो आणि जुन्याचा मध्य कंट्रोलरच्या मेमरीत साठवलेला असतो. ही पायरी गाळली तर नवं कोरं मॉड्यूलही ड्रिफ्ट दाखवतं. लॅपटॉपवर क्रोम किंवा एजमध्ये ‘डुअलशॉक कॅलिब्रेशन जीयूआय’ उघडा (फायरफॉक्समध्ये चालत नाही), केबल जोडा. आधी सेंटर कॅलिब्रेशन करा, त्यात सांगितलेल्या कोपऱ्यांत स्टिक नेऊन सोडायची असते. मग रेंजसाठी कडेला टेकवून सावकाश गोल फिरवा. शेवटी बदल कायमचे सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर ते टिकत नाहीत.

मुंबईत कुठे जायचं

सामानासाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाट्यांवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की चालत काही मिनिटं. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. मॉड्यूल मागताना ‘पीएस५चं’ असं स्पष्ट सांगा, प्लेस्टेशन ४चं दिसायला जवळपास सारखंच असतं.

सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर पहिला प्रयोग स्वतःच्या कंट्रोलरवर करू नका. दुरुस्तीवाल्याकडे द्या, पण आधी विचारा, “दादा, नवं मॉड्यूल टाकणार की नुसतं साफ करणार? आणि कॅलिब्रेशन करून देताय ना?” दुसऱ्या प्रश्नावर तो गोंधळला तर पुढच्या दुकानात जा. घेताना तिथेच टेस्टरवर आकडे बघून घ्या.

एक्सबॉक्सचा कंट्रोलर उघडायला मध्ये भोक असलेला टॉर्क्स टी८ लागतो. पाचवा स्क्रू बॅटरीच्या कप्प्यातल्या स्टिकरखाली लपलेला असतो. निन्टेन्डो स्विच कन्सोलच्या जॉय-कॉन कंट्रोलरला तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर हवा, पण त्याची स्टिक चपट्या केबलने जोडलेली असल्यामुळे सोल्डरिंगची गरजच नाही.

बोर्डावर हिरवट गंज चढला असेल, जे समुद्राजवळच्या घरांत पावसाळ्यानंतर दिसतं, तर आधी अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो काढा आणि सगळी बटणं तपासा. दोन-तीन बटणंही मेलेली निघाली तर मॉड्यूलवर खर्च करू नका. बॅटरी फुगली असेल तर ती टोचू किंवा दाबू नका. काढून ई-कचऱ्यात द्या आणि त्याच मापाची, १,५६० एमएएचची नवी बसवा.