कबुतरांचा संशय असेल तर: छातीच्या एचआरसीटीला जाण्याआधी

घराच्या खिडकीत कबुतरं आणि अचानक थंडी-ताप, कोरडा खोकला, दम. डॉक्टरांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसची (कबुतरांची विष्ठा-पिसं किंवा बुरशीचे कण श्वासात गेल्याने ॲलर्जीसारखी फुप्फुसाला येणारी सूज) शंका आली की एचआरसीटी (फुप्फुसाचे अगदी बारीक काप दाखवणारा सीटी स्कॅन) लिहून देतात. एक्स-रे साफ असला तरीही, कारण सुरुवातीची सूज त्यात बरेचदा दिसतच नाही.

आधी चिठ्ठी वाचा. त्यावर नुसतं ‘एचआरसीटी छाती’ असेल तर दोन गोष्टी लिहून घ्या: कबुतरांचा (शेतकऱ्याच्या बाबतीत बुरशीच्या चाऱ्याचा) संपर्क, आणि श्वास सोडूनही स्कॅन हवा ही सूचना. दुसरी फार राहून जाते. सुजलेल्या बारीक श्वासनलिकांच्या पलीकडे हवा अडकते. श्वास सोडल्यावर चांगलं फुप्फुस करडं होतं, अडकलेले भाग मात्र काळेच राहतात आणि चित्र ठिगळं लावल्यासारखं दिसतं. नुसत्या भरलेल्या श्वासात हा फरक बराचसा लपतो.

म्हणून घरीच सराव करा. उताणं पडून पूर्ण श्वास भरा, धरा. मग पूर्ण सोडा आणि रिकाम्या छातीनेच दहा सेकंद थांबा. दम लागत असेल तर जमेल तितकंच. आडवं पडताच गुदमरत असेल, तर मशीनवर चढण्याआधीच टेक्निशियनला सांगा. ऑक्सिजन चालू असेल तर सिलिंडर भरलेला आहे ना, तेवढं बघा.

स्टेरॉइड सुरू झालं असेल तर कोणत्या तारखेपासून, तेही कागदावर लिहा. औषधाने किंवा घर सोडून चार दिवस दुसरीकडे राहिल्याने धुरकट डाग फिकट होतात आणि रिपोर्ट उगाच ‘नॉर्मल’कडे झुकतो. मेथोट्रेक्सेट (संधिवातासाठी), अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांसाठी) यांसारख्या गोळ्यांनीही फुप्फुसाला सूज येते, तेव्हा चालू औषधांची यादी द्या. गरोदरपणाची शक्यता असेल तर लाजू नका, सांगा.

उपाशी राहायची गरज साधारण नसते, यात काँट्रास्ट (शिरेतून टोचायचं औषध, ज्याने रक्तवाहिन्या स्कॅनमध्ये उठून दिसतात) लागत नाही. फुप्फुसात रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल तर तपासणीच वेगळी. तिथे काँट्रास्ट देतात, म्हणून आधी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारा) रिपोर्ट मागतात. गळ्यातलं, ताईत, हुकांचे कपडे काढावे लागतात, त्यामुळे मंगळसूत्र सांभाळायला कुणीतरी बरोबर हवं.

जुने एक्स-रे, आधीच्या सीटीची सीडी पिशवीत ठेवा. निघताना नव्या स्कॅनचीही सीडी मागून घ्या; निवडक चित्रांच्या फिल्मवर छातीच्या डॉक्टरांचं भागत नाही.